खाणीतली पाळी संपली की दवाखान्यात

छत्तीसगडातलं भिलाई म्हटलं की पोलाद कारखाना आठवतो. त्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवलं ते दल्ली राजहराच्या खाणींनी. तिथल्या कंत्राटी खाणकामगारांच्या औषधपाण्याची मात्र आबाळच. त्यांच्या संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात गेल्या, आणि कामगार नेते शंकर गुहा नियोगींच्या साथीदारांनी स्वतःचंच रुग्णालय बांधायचं ठरवलं. ३ जून १९८३ला शहीद अस्पताल उघडलं. पैसा मजुरांचा, बांधकामाला हातही त्यांचेच.

खरी गंमत पुढेच आहे. खाणीत राबणारे मजूरच जखमा बांधायला, रुग्णांची शुश्रूषा करायला शिकले. डॉक्टरांच्या जोडीला हे आरोग्य कार्यकर्ते उभे राहिले. जुलाबाला आधी मीठ-साखरेचं पाणी द्या, महागडं टॉनिक कशाला, हे शेजारच्या झोपडीतल्या माणसानं सांगितलं की लवकर पटतं! आपल्याकडेही जामखेडला आरोळे दांपत्यानं १९७०मध्ये असंच काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं.

पुढे छत्तीसगडात २००२मध्ये, म्हणजे ‘आशा’ताईंच्याही आधी, गावातल्या बायकांनाच आरोग्य कार्यकर्त्या करणारी मितानिन योजना आली. मितानिन म्हणजे मैत्रीण. सरकारी योजनेला इतकं जिव्हाळ्याचं नाव क्वचितच मिळतं.