लंडनमधल्या दोन फेऱ्या

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



शिबिर ठरलं तेव्हा 'परदेशात काय पाहिलंत ते सांगा' असा निरोप आला. राजवाडा पाहिला, मोठं घड्याळ पाहिलं, ते तुम्ही सिनेमात बघता. मी फक्त पायी केलेल्या दोन फेऱ्यांबद्दल बोलणार आहे. एक पैसे भरून केलेली, वाटाड्याबरोबर. दुसरी आमची आम्हीच.

तिकडे जुन्या शहरांमधून अशा फेऱ्या निघतात. ठरलेल्या वेळी ठरलेल्या स्टेशनबाहेर उभं राहायचं, छत्री उंच धरलेला माणूस येतो आणि दोन तास गल्ल्यांतून हिंडवत गोष्टी सांगतो. मला ही पद्धत आवडली. शहर पायाखाली घेतल्याशिवाय कळत नाही. तर माझी भाची म्हणाली, "मावशी, पूर्व लंडन बघायचंय ना तुला? तिथली सगळ्यांत गाजलेली फेरी संध्याकाळी असते." ती गाजलेली फेरी म्हणजे 'जॅक द रिपर'ची. १८८८ साली ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर या काळात व्हाइटचॅपल भागात पाच बायकांचे खून झाले. खुनी सापडला नाही. जॅक हे नावही वर्तमानपत्रवाल्यांना आलेल्या एका पत्रातलं. शंभराहून जास्त वर्षं या न सापडलेल्या माणसावर धंदा चालू आहे.

ऑल्डगेटजवळ आम्ही चाळीसेक जण जमलो. निम्म्याहून जास्त बायका. वाटाडीही बाईच, पंचविशीची, हुशार, तोंडाची फटकळ. पहिल्या पाच मिनिटांत तिनं सगळ्यांना खिशात घातलं. आम्ही हसलो. मीही हसले, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जे बोलणार आहे ते बोलायचा अधिकार त्यामुळे थोडा कमी होतो.

मायटर स्क्वेअरमध्ये आलो. आता तिथे शाळा आहे, बाजूला काचेच्या इमारती. वाटाडीनं हातातला छोटा प्रोजेक्टर लावला आणि भिंतीवर चित्र पाडलं. शवागारातला फोटो. कॅथरीन एडोज. वार कुठून कुठपर्यंत गेला ते तिनं स्वतःच्या अंगावर बोट फिरवून दाखवलं. कोणी 'ई' केलं, कोणी हसलं, दोघांनी मोबाइलवर भिंतीचा फोटो काढला. मग खुनी कोण असेल यावर वीसेक मिनिटं. डॉक्टर, चित्रकार, राजघराण्यातला कोणी. त्या प्रत्येक पुरुषाचं शिक्षण, स्वभाव, घराणं आम्हाला समजलं. बाईच्या वाट्याला दोन शब्द आले. वेश्या आणि दारुडी.

माझ्या पुढे एक म्हातारी बाई होती, बहुतेक स्पेनची. तिनं मोडक्या इंग्रजीत विचारलं, "पण ही आधी काय काम करायची?" वाटाडी एक क्षण थांबली. "ते या फेरीत नाही," म्हणाली.

फेरी संपल्यावर मी तिला गाठलं. भांडायलाच गेले होते. पण ती म्हणाली, "मी नाटकात काम शोधते आहे. हे पोटासाठी. रविवारी मी इथल्या बायकांच्या इतिहासाची फेरी काढून पाहिली होती. सहा जणी आल्या. इथे रोज चाळीस येतात." मग जाता जाता म्हणाली, "बो भागात जा. काडेपेटीचा कारखाना बघा. तेही १८८८ च आहे." माझं भांडण तिथंच विरलं. डोक्यामागे पैसे मिळणारी ती मजूर, आणि डोकं माझंही त्यात मोजलेलं.

रात्री भाचीनं मला एक पुस्तक दिलं. हॅली रुबेनहोल्ड या इतिहासकार बाईंचं 'द फाइव्ह', २०१९ सालचं. बाईंनी खुन्याला पूर्ण वगळलंय आणि पाच जणींची आयुष्यं सरकारी कागदांतून, वर्कहाउसच्या नोंदींतून उभी केली आहेत. मेरी अ‍ॅन निकोल्स. नवरा छापखान्यात, पाच मुलं. संसार मोडला, मग वर्कहाउस, मग मोलकरणीची नोकरी. त्या रात्री भाड्याच्या खाटेचे चार पेन्स तिच्याकडे नव्हते म्हणून तिला बाहेर काढलं. अ‍ॅनी चॅपमन. ही क्रोशाचं काम करून विकायची. फुप्फुसाच्या रोगानं खंगलेली, तिलाही खाटेचे पैसे नाहीत म्हणून बाहेर काढलं. एलिझाबेथ स्ट्राइड स्वीडनच्या खेड्यातली. मेरी जेन केली सर्वांत तरुण, खोलीचं भाडं थकलेलं. आणि भिंतीवर जिचा फोटो पाहिला ती कॅथरीन. लहानपणी पत्र्याच्या कारखान्यात राबलेली. मरायच्या थोडे दिवस आधी केंटमध्ये हॉप्स तोडायला गेली होती. हॉप्स म्हणजे बीअरमध्ये घालतात ती फुलं. आपल्याकडे ऊसतोडीला टोळ्या जातात ना, तसं लंडनची गरीब माणसं हंगामाला तिकडे जायची. तिच्या अंगावर सापडलेल्या वस्तूंची यादी पोलिसांनी केली होती. दोन डब्या, एकीत चहा, एकीत साखर. साबणाचे तुकडे. टाचण्यांची उशी. चिंध्या, पाळीच्या वेळी लागणाऱ्या असाव्यात. बाईला घर नव्हतं, म्हणून घर अंगावर घेऊन ती हिंडत होती.

रुबेनहोल्ड म्हणतात, पाचपैकी तिघी वेश्या होत्या याला पुरावा नाही. रस्त्यावर झोपलेल्या असताना त्यांना मारलं असावं. यावर तिकडे बराच वाद झाला. मला यात एक अडचण वाटते, ती तुमच्यापुढे ठेवते. 'ती तशी नव्हतीच' असं सिद्ध करत बसलो, तर जी खरोखर होती तिचं काय? स्ट्राइडचं नाव गोथेनबर्गच्या पोलिसांनी वेश्यांच्या वहीत चढवलं होतं. तिचा खून कमी खून आहे का? आपल्या सभांमध्येही 'चांगल्या घरातली मुलगी हो' असं वाक्य अजून येतं. पण पुस्तकाचा जोर मला चार पेन्सवर आहे असं वाटलं. त्या दोघींना खुन्याच्या आधी खाटेवाल्यानं रस्त्यावर आणलं होतं. हे वाटाडीच्या फेरीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमची फेरी. व्हाइटचॅपलहून सरळ रस्त्यानं बसनं बो. फेअरफील्ड रोडवर लाल विटांची अवाढव्य इमारत उभी आहे. ब्रायंट अँड मे कंपनीचा काडेपेटी कारखाना. आता आत महागडे फ्लॅट, फाटकावर पहारा. बाहेर निळी पाटी आहे, ती २०२२ साली लागली. म्हणजे संपानंतर १३४ वर्षांनी.

तो संप थोडा सविस्तर सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणींनी त्याबद्दल अ‍ॅनी बेझंट यांच्या चरित्रात चार ओळी वाचल्या असतील. कारखान्यात बहुतेक मुली आणि बायका, बऱ्याच आयरिश. मजुरी तुटपुंजी, त्यात दंड. पाय मळलेले असले तर दंड, बोललं तर दंड. काड्यांना पांढरा फॉस्फरस लावायचा. जेवण त्याच खोलीत, त्याच हातांनी. मग जबड्याचं हाड कुजायला लागायचं. जून १८८८ मध्ये बेझंटबाईंनी त्यांच्या 'द लिंक' या पत्रात याबद्दल लेख लिहिला. मालकानं कागद तयार केला, हे सगळं खोटं आहे असं कामगारांनी सही करून द्यावं म्हणून. बायकांनी सही केली नाही. एकीला कामावरून काढलं आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुमारे १,४०० जणी बाहेर पडल्या. दोनशे जणी चालत फ्लीट स्ट्रीटला बेझंटबाईंच्या कचेरीत गेल्या. पंधरा दिवसांच्या आत मालक नमला. दंड बंद, काढलेल्यांना परत कामावर, जेवायला वेगळी जागा. लगेच त्यांनी युनियन काढलं. पुढच्याच वर्षी गोदी कामगारांचा मोठा संप झाला.

इतिहासात हा 'बेझंटबाईंचा संप' म्हणून गेला. लुईझ रॉ या संशोधक बाईंनी २००९ च्या पुस्तकात दाखवलंय की संप कारखान्यातल्या बायकांनी केला. बेझंटबाईंनी संप करा असं सांगितलेलंच नव्हतं. सारा चॅपमनसारख्या पुढारी त्यांच्यातल्याच होत्या. बेझंटबाई नंतर १८९३ साली भारतात आल्या, १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या, म्हणून नाव आपल्यापर्यंत पोचलं. बाईंचं काम मोठंच आहे, पण लिहिणारीचं नाव राहतं आणि करणाऱ्या १,४०० जणी 'मुली' म्हणून उरतात. मध्यमवर्गातून चळवळीत आलेल्या आम्ही जरा हे ऐकून ठेवावं. (हशा)

जवळच बो चर्चपाशी ग्लॅडस्टन या पंतप्रधानांचा पुतळा आहे. १८८२ सालचा. त्यासाठी मजुरीतून एकेक शिलिंग कापला असं बायका सांगत. अनावरणाच्या वेळी त्यांनी हात कापून रक्त त्या दगडावर सांडलं, अशी गोष्ट बेझंटबाईंनीही लिहून ठेवलीय. पुतळ्याचे हात आजही लाल दिसतात. कोणीतरी पुन्हा पुन्हा रंगवतं. आम्ही गेलो तेव्हाही लाल होते. भाची म्हणाली, "मावशी, इथं कुठली फेरी येतच नाही."

परत येताना ऑल्डगेटलाच उतरलो. मायटर स्क्वेअरपासून चालत काही मिनिटांवर ज्यूरी स्ट्रीट आहे. तिथे आयांचं वसतिगृह होतं. मुंबईहून, कलकत्त्याहून परतणाऱ्या मडमा मुलं सांभाळायला आया बोटीवर घेत. लंडनला पोचल्यावर काम संपलं, की अनेकींना तिथंच सोडून देत. परतीच्या तिकिटाशिवाय. वसतिगृह हिंदुस्थानला जाणारं दुसरं कुटुंब शोधून द्यायचं, म्हणजे आयेनं पुन्हा राबत घरी यायचं. १९०० साली ते हॅक्नीला हललं. तिथल्या घरात तीस खोल्या होत्या. बोटींच्या याद्यांत कित्येकींचं स्वतःचं नावच नाही, मालकिणीच्या नावापुढे 'आया' एवढंच. हॅक्नीतल्या घरावर २०२२ मध्ये पाटी लागली, तीही एका दक्षिण आशियाई वंशाच्या तरुणीनं पाठपुरावा केला म्हणून. ज्यूरी स्ट्रीटवर आम्ही बराच वेळ इकडून तिकडे केलं. कचेऱ्या, कॉफीची दुकानं. संध्याकाळ झाली होती, आणि पलीकडून एक छत्री उंच धरून चाळीस माणसांचा घोळका मायटर स्क्वेअरकडे चालला होता.

आता आपलं. मला तिथं उभं असताना आपलं हुंडाबळीचं पोस्टर प्रदर्शन आठवत होतं. जुन्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. जळालेल्या मुलींचे फोटो आम्ही मोठे करून लावले होते. लोकांना हादरवायचं होतं. हादरले लोक. गावोगाव गर्दी झाली. एका गावात एका पोस्टरसमोर एक बाई बराच वेळ उभी राहिली. ती त्या मुलीची आई निघाली. रडली नाही. मला म्हणाली, "ताई, माझी लेक गोधड्या शिवायची. पंचक्रोशीत तिच्यासारखा टाका कुणाचा नव्हता. ते कुठं लिवलंय?" मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही. पोस्टर मात्र त्यानंतरही आम्ही कित्येक वर्षं फिरवलं, कारण गर्दी व्हायची.

लंडनहून आल्यावर मी त्या गावाला गेले. म्हाताऱ्या झाल्यात त्या आता. त्यांनी ट्रंकेतून एक गोधडी काढून दिली, परत आणून द्यायच्या बोलीवर. बाकीच्या घरीही आम्ही जातोय. अकरा पोस्टरांपैकी चार घरं झाली. दोन घरांनी दारातूनच परत पाठवलं, आणि त्यांचं बरोबरच होतं. ज्या घरांनी होकार दिला तिथले जुने फोटो उतरवलेत. नवे तक्ते मागच्या भिंतीवर लावले आहेत, गोधडीही आहे. जेवणाच्या सुट्टीत बघा. तिला हात लावायला हरकत नाही, आईंनी तसं सांगितलंय.