जिन्याने उतरणारा भाव

शनिवारचा धंदा बुडवून आलेले दुकानदार मित्रहो,

१९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाच्या या लंडनमधल्या वास्तूत स्वागत समितीतर्फे मी आपलं मनःपूर्वक स्वागत करतो.

परिषद ऑलिव्ह तेलाच्या व्यापाराची, आणि भरते आहे अशा देशात, जिथे ऑलिव्हच्या बागा नावापुरत्याच. एकेकाळी इथे हे तेल औषधाच्या दुकानात, कानात घालायला म्हणून मिळायचं. १९५० साली एलिझाबेथ डेव्हिड यांनी भूमध्य सागराकाठच्या स्वयंपाकावर पुस्तक लिहिलं, तेव्हाही वाचकांना केमिस्टचंच दार ठोठावावं लागे! आज ते आपल्याही ओट्यावर आलंय.

भाव मात्र ठरतो स्पेनच्या हाएन प्रांतात. २०२१-२२च्या हंगामात स्पेनमध्ये सुमारे १५ लाख टन तेल निघालं. पुढच्या वर्षी पाऊस रुसला, ऐन मोहोरात उन्हाने होरपळ केली, आणि उत्पादन सात लाख टनांच्याही आत आलं. २०२४च्या जानेवारीत घाऊक भाव किलोला नऊ युरोंवर टेकला. स्पेनच्या सुपरमार्केटांत बाटल्यांना कुलपं लागली. तुर्कस्तानने त्याआधीच सुट्या तेलाची निर्यात रोखली होती. मग पाऊस झाला, २०२४-२५चं पीक पुन्हा १४ लाख टनांच्या घरात गेलं, आणि घाऊक भाव निम्म्याहून खाली आला.

इथल्या फळीवर ती उतरण पोचायला मात्र बराच वेळ लागला. भाव चढताना लिफ्टने येतो, उतरताना जिन्याने. चढ्या भावाने उचललेला जुना साठा संपायचाय, असं कारण आपण गिऱ्हाइकाला देतो. ते खोटं नाही. पण साठा नेमका किती महिने पुरतो, हे कुणीच सांगत नाही. आज इथे आयातदारही बसले आहेत, तेव्हा हा प्रश्न त्यांना तोंडावर विचारावा, अशी माझी विनंती आहे.

तेलाची ओढाताण आपल्याला नवी नाही. एप्रिल २०२२मध्ये युक्रेनचं सूर्यफुलाचं तेल अडलं, बड्या दुकानांनी माणशी दोन-तीन बाटल्यांचं बंधन घातलं, तेव्हा दोन बाटल्या आईच्या ट्रॉलीत आणि दोन मुलाच्या, असे हिशेब आपण सगळ्यांनीच केले.

जेवणाची सोय तळमजल्यावर आहे. भजी सूर्यफुलाच्या तेलातली आहेत. ऑलिव्हचा खर्च खजिनदारांनी नामंजूर केला. आता अध्यक्षांनी सूत्रं हाती घ्यावीत.