हास्य, भय आणि इंग्रजी : अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे एक अबोल दुःख



सुवर्ण महोत्सवाच्या मंगल प्रसंगी संस्थेच्या दात्यांचे स्मरण जसे उचित, तसाच पुढील पिढीच्या एका अबोल दुःखाचा विचारही अगत्याचा आहे. खोपोली–वाकण मार्गावरील पालीसारख्या गावातून अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी मुले-मुली बाहेर पडतात. जवळच लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. कोणी मुंबई-पुण्याची वाट धरतो. घरात गुजराती किंवा मारवाडी, शाळेत व बाजारपेठेत मराठी, अशा वातावरणात वाढलेली ही मुले गणितात मागे नसतात. तरीही शंका विचारण्यासाठी उचललेला हात अर्ध्यावरून खाली येतो, तोंडी परीक्षेत येत असलेले उत्तर ओठांवरच अडते आणि नोकरीच्या गटचर्चेत जाणता विद्यार्थी गप्प बसून राहतो. परीक्षक समजतो, याला विषय येत नाही. घरचे समजतात, मुलाने अभ्यास केला नाही. मुलगा मात्र स्वतःलाच कमी लेखू लागतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. म्हणजे या मुलांचा इंग्रजीशी परिचय नाही असे नव्हे. परंतु धडा वाचणे व उत्तर लिहिणे यांचा जितका सराव झाला, तितका बोलण्याचा झाला नाही. बोलताना विद्यार्थी विचार मराठीत करतो, मनातल्या मनात भाषांतर करतो, व्याकरण तपासतो आणि त्याच वेळी समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. इतकी कामे एकाच क्षणी आल्यावर मूळ विषयासाठी अवधान उरतच नाही. होरविट्झ, होरविट्झ आणि कोप या अमेरिकन संशोधकांनी १९८६ साली परक्या भाषेच्या वर्गातील चिंतेचा अभ्यास मांडला. बोलण्याचा संकोच, परीक्षेची धास्ती आणि लोक नावे ठेवतील हे भय, यांच्याशी त्यांनी या चिंतेचे नाते जोडले. यांतील तिसरे भय समाजातून येते. म्हणून त्याचे औषधही समाजाच्याच हाती आहे.

उत्तराध्ययन सूत्राच्या २४ व्या अध्ययनात भाषासमितीचे विवेचन आहे. क्रोध, मान, माया, लोभ, हास्य, भय, वाचाळता आणि विकथा या आठ गोष्टी बोलताना टाळाव्यात, असे तेथे सांगितले आहे. हास्य आणि भय यांची नावे तेथे शेजारी-शेजारी येतात, हे मननीय आहे. एकाचे हसू दुसऱ्याचे भय होते. पाहुण्यांसमोर मुलाला इंग्रजी बोलावयास लावणे, त्याच्या उच्चारावर हसणे, इंग्रजी माध्यमातील चुलत भावाशी त्याची तुलना करणे, ही सूक्ष्म वाचिक हिंसाच होय. कीटकाला जपणाऱ्या घरात मुलाच्या मनालाही जपले पाहिजे.

भाषा हे वाहन आहे, हे जैन परंपरेने फार पूर्वी ओळखले. भगवान महावीरांनी अर्धमागधी या लोकभाषेत उपदेश केला. महुवा येथे १८६४ साली जन्मलेले वीरचंद राघवजी गांधी १८९३ च्या शिकागो सर्वधर्म परिषदेत जैन धर्माविषयी इंग्रजीत बोलले. आचार्य विजयानंदसूरी अर्थात आत्मारामजी महाराज यांना साधुधर्माच्या मर्यादेमुळे समुद्रप्रवास शक्य नव्हता. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयारी करून वीरचंदभाई गेले. त्यांची मातृभाषा गुजराती होती. विषयाची सखोल तयारी आणि गुरूंचा विश्वास पाठीशी असल्यावर परकी भाषाही आज्ञेत राहते, हा त्यांच्या चरित्राचा बोध आहे.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ साली मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास अनुमती दिली, हे स्वागतार्ह आहे. विषय मातृभाषेत लवकर उमगतो. तथापि, नोकरीच्या अनेक ठिकाणी इंग्रजीची गरज आजही आहे, म्हणून ती टाळूनही चालणार नाही.

यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. संस्थेच्या सभागृहात आठवड्यातून एक तास मुलांनी एकत्र बसावे आणि प्रत्येकाने पाच मिनिटे स्वतःच्या अभ्यासक्रमातील एक यंत्र किंवा एक प्रयोग इंग्रजीत समजावून सांगावा. शब्द अडला तर मराठी शब्द वापरून पुढे जावे. बोलणाऱ्याला मध्येच थांबवू नये. चुका नंतर, एकांतात, प्रेमाने सांगाव्यात. ज्येष्ठांनी केवळ श्रोते व्हावे आणि न हसण्याचे पच्चक्खाण त्या तासापुरते घ्यावे.

समाजाने शिष्यवृत्त्या दिल्या, पुस्तके दिली, वसतिगृहे उभारली. आता अडखळत बोलणाऱ्या मुलाला शांतपणे ऐकून घेणारे कान द्यावेत. हे अभयदान या सुवर्ण महोत्सवी वर्षास शोभून दिसेल.

जय जिनेंद्र!