आपला डोंगर कागदावर कोण लिहितो?

(पाड्यांच्या एकत्र बैठकीत युवा गटाने केलेले भाषण. बैठकीला न आलेल्या पाड्यांनी ग्रामसभेत वाचून दाखवावे.)



दिवाळीनंतर आपल्या डोंगरावर सर्व्हेवाले येणार आहेत. ग्रामपंचायतीत तसं पत्र आलंय. मागच्या बैठकीत यावरून भांडण झालं. काहीजण म्हणाले, त्यांना शिवेवरूनच परत पाठवा. काहीजण म्हणाले, फिरू दे, झाडं मोजू दे, आपलं काय जातंय? आम्हाला दोन्ही म्हणणी पटली नाहीत. आमचं तिसरं म्हणणं आहे. पण ते सांगायच्या आधी हे येणारे लोक कोण, ते समजून घेऊ.

हे लोक सरकारचे नाहीत आणि सरळ कंपनीचेही नाहीत. त्यांना सल्लागार म्हणतात, कन्सल्टंट. 14 सप्टेंबर 2006 ची केंद्र सरकारची एक अधिसूचना आहे. मोठी खाण, धरण, कारखाना काढायचा तर आधी पर्यावरणाची मंजुरी घ्यावी लागते, असं ती सांगते. त्यासाठी जंगलावर, पाण्यावर, हवेवर, माणसांवर काय परिणाम होईल याचा अहवाल लागतो. लोक त्याला ईआयए म्हणतात. तो अहवाल हे सल्लागार लिहितात. त्यांच्यात झाडांची माहिती असलेले असतात, पाण्याची असलेले असतात, धूळ आणि आवाज मोजणारे असतात. त्यांना आता दिल्लीच्या भारतीय गुणवत्ता परिषदेकडून मान्यता घ्यावी लागते. ठीक आहे. पण त्यांची फी कोण देतं? ज्याला खाण काढायची आहे तोच देतो. खाण होऊ नये असं लिहिणाऱ्या सल्लागाराला पुढचं काम कोण देईल, याचा विचार तुम्हीच करा.

आता आपल्या शेजारच्या डोंगराची गोष्ट. तिथल्या खाणीचा अहवाल आमच्यातल्या चौघांनी जिल्ह्याच्या कचेरीत बसून वाचला. अहवाल इंग्रजीत, जाडजूड. आम्ही बारावीपर्यंत शिकलोय, तरी डिक्शनरी घेऊन बसावं लागलं. वाचता वाचता आम्हालाच वाटायला लागलं, हा आपल्याकडचा डोंगर नाहीच.

त्यात लिहिलं होतं, जागा खडकाळ आणि पडीक आहे, झाडोरा विरळ आहे. त्याच जागेवर आपली गुरं चरतात. तिथलं गवत कापून आपण घरं शाकारतो, उरलं तर विकतो. तिथल्या उतारावरची कारवी आणून आपण घराचे कूड बांधतो. अहवालात कारवीचं नाव झुडुपांच्या यादीत एका ओळीत होतं. तिची घरं होतात, हे कुठंच नव्हतं.

त्यात लिहिलं होतं, जागेवर बारमाही पाणी नाही. ओहोळ मार्चला आटतो, ते खरं. पण त्याच ओहोळाच्या पोटात बाया डवरा खणतात आणि मे महिन्यात वाटी वाटीनं हंडा भरतात. डवरा नकाशात नव्हता. नकाशात नाही, म्हणून त्याच्यावर परिणामही नाही.

त्यात लिहिलं होतं, तिथं शेती नाही. उतारावर नागली-वरई करणाऱ्यांचे वनहक्काचे दावे पडून होते. सातबारा नाही म्हणून ती शेती सल्लागाराला दिसलीच नाही.

आणि शेवटी लिहिलं होतं, स्थानिक लोकांशी चर्चा केली, लोकांना रोजगाराची अपेक्षा आहे. सोबत सह्यांचा आणि अंगठ्यांचा कागद जोडला होता. त्यात आपल्याच माणसांची नावं! चर्चा कशी झाली ते तिथल्या लोकांनी सांगितलं. गाडी आली, एका ओट्यावर चहा झाला. साहेबांनी विचारलं, काम मिळालं तर पाहिजे का? चार महिने वीटभट्टीवर जाणारी माणसं, नको कशाला म्हणतील? मग हजेरीचा म्हणून कागद फिरवला, त्यावर सह्या घेतल्या.

आता मोसमाचं बघा. पुष्कळशा प्रकल्पांना एकाच मोसमाची माहिती चालते, आणि तो मोसम पावसाळा सोडून घेतात. म्हणजे सर्व्हेवाले डोंगरावर येतात ते हिवाळ्यात नाहीतर उन्हाळ्यात. आपलं जंगल जागं होतं कधी? पहिला पाऊस पडला की शेवळी वर येते. मग कोळीची भाजी, टाकळा, वास्ते, करटोली. वलगणीचे मासे शेतात चढतात ते आषाढात. खेकडे मिळतात ते पावसात. घरातलं धान्य संपलेलं असतं तेव्हा आपण कडूकांदे उकडून खातो, तेही याच दिवसांत. जानेवारीत आलेल्या माणसाला यातलं काय दिसणार? त्याला सुकलेलं गवत आणि दगड दिसतो, आणि तो तेच लिहितो. तो खोटं लिहितो असंही नाही. त्यानं आपलं निम्मं वर्ष पाहिलेलंच नसतं.

खोटं लिहिणारेही आहेत. आपल्याच महाराष्ट्रात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साईट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा उचललेला निघाला. कोकणातल्या डोंगरावर स्प्रूस आणि बर्च या झाडांचं जंगल लिहिलं होतं. ही झाडं बर्फाच्या मुलखातली. कोकणात आंबा, काजू, ऐन, किंजळ. लिहिणाऱ्यानं तो डोंगर पाहिला होता का, हे सांगायला नको. असा अहवाल साहेबांच्या टेबलावरून पुढे गेला, कारण टेबलावरच्या माणसानंही डोंगर पाहिलेला नव्हता. चोरी पकडली गेली ती कोणीतरी अहवाल मुळापासून वाचला म्हणून.

सगळे सल्लागार सारखे नसतात, हेही सांगतो. शेजारच्या डोंगरावर आलेल्यांत एक मुलगी होती, आमच्याच वयाची. झाडांचं शिकलेली. ती एका आजीजवळ बसली आणि विचारत होती, हे पान कशाला लावता, हा कंद कधी खणता. आजी तिला म्हणाली, "पावसात ये बाय, मंग दाखवीन." मुलगी म्हणाली, पावसात आम्हाला पाठवत नाहीत. तिनं वहीत पुष्कळ लिहून घेतलं होतं. छापलेल्या अहवालात त्यातलं काही सापडलं नाही.

आता आपली चूकही कबूल करू. त्या खाणीची जनसुनावणी झाली तेव्हा आपण शेकड्यांनी गेलो. घोषणा दिल्या, मंडपातून उठून बाहेर आलो. आपल्याला वाटलं, जिंकलो. नंतर इतिवृत्त पाहिलं. त्यात आपल्या घोषणांची एक ओळ होती. डवऱ्याबद्दल, कारवीबद्दल, दाव्यांबद्दल काही नव्हतं, कारण आपल्यातल्या कोणी ते माईकवर सांगितलंच नव्हतं आणि लेखीही दिलं नव्हतं. आज त्या डोंगरावर सुरुंग लागतात. पूर्वी मेपर्यंत पाणी देणाऱ्या डवऱ्याला आता फेब्रुवारीत कोरडी वाळू लागते. त्या पाड्यातल्या बाया टँकरची वाट बघत रस्त्यावर बसतात. घोषणा द्यायच्याच. पण नुसत्या घोषणांवर तो डोंगर राखता आला नाही.

म्हणून आमचं तिसरं म्हणणं असं. सर्व्हेवाल्यांना हाकलायचं नाही आणि एकटंही सोडायचं नाही. त्यांच्याबरोबर चालायचं, आणि त्यांच्या आधी आपला डोंगर आपणच लिहून काढायचा. हाकलून दिलं तर ते कुठल्यातरी जुन्या अहवालातून उतरवून घेतील, आणि 'लोकांनी सहकार्य केले नाही' अशी ओळ वर लिहितील.

त्यासाठी पाच कामं आहेत.

पहिलं काम, सोबत चालणं. रोज दोन बाया आणि दोन पुरुष त्यांच्याबरोबर जातील. कुठं थांबले, किती वेळ थांबले, काय मोजलं, कोणाला काय विचारलं, ते आपल्या वहीत तारखेसह लिहायचं. डवरा, गावदेवाची जागा, गुरांची वाट, मोहाची झाडं आपण होऊन दाखवायची. कोऱ्या कागदावर सही-अंगठा नाही. हजेरी द्यावीच लागली तर वर लिहायचं, 'ही फक्त हजेरी आहे, ग्रामसभेची संमती नाही.'

दुसरं काम, गावाची वही. जैवविविधता कायदा 2002 चा आहे. त्यात पंचायतीच्या पातळीवर समिती करून लोकांची जैवविविधता नोंदवही करायची तरतूद आहे. आपण ती महिन्यामहिन्यानं लिहू. जेठात काय उगवतं, भादव्यात काय खातो, कोणत्या ओहोळात कोणता मासा, राब कुठून आणतो, कोणत्या दुखण्याला कोणतं मूळ. सांगतील म्हातारी माणसं आणि भगत, लिहितील शाळेत जाणारी पोरं. मात्र औषधाची मुळं कुठं सापडतात ते वहीत लिहू नका. ते गावाजवळ राहू दे.

तिसरं काम, मोसमाची मागणी. अहवालात काय काय तपासायचं ते आधी सरकारची तज्ज्ञ समिती ठरवते. तिला, जिल्हाधिकाऱ्यांना आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला ग्रामसभेचं पत्र गेलं पाहिजे, की आमच्या डोंगराचा अभ्यास पावसाळ्यात पण करा. पत्राची पोच घ्या. मान्य करतील की नाही, पुढचं पुढे. पण मागणी केली होती हे कागदावर राहील.

चौथं काम, जनसुनावणी. सुनावणीच्या आधी निदान 30 दिवस वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागते. अहवालाचा मराठी सारांश मागून घ्यायचा आणि पाड्यापाड्यावर वाचायचा. हरकती लेखी द्यायच्या. सुनावणीला एकेकानं एकच गोष्ट बोलायची. डवऱ्याचं डवरा भरणारी बाई बोलेल, गुरांचं गुराखी बोलेल. आपल्या बोलीत बोला, लाजू नका. शेवटी काय काय बोललं गेलं ते लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचं असा नियम आहे. ते ऐकल्याशिवाय कोणी उठायचं नाही. आपलं बोलणं राहिलं असेल तर तिथंच उभं राहून लिहायला लावायचं. आणि अहवालात जाणूनबुजून खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती असेल तर अर्ज फेटाळता येतो, दिलेली मंजुरीही रद्द करता येते. हे त्याच अधिसूचनेत आहे. आपली वही तिथं उपयोगी पडेल.

पाचवं काम सगळ्यात मोठं. जनसुनावणी म्हणजे संमती नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. सुनावणीत सगळे नको म्हणाले तरी सरकार मंजुरी देऊ शकतं. आपली खरी ताकद वनहक्क कायद्यात आहे. त्याच्या कलम 5 नं ग्रामसभेला जंगल, पाणी, जनावरं राखायचा अधिकार दिलाय. दाव्यांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणाला जमिनीवरून काढता येत नाही, असं कलम 4 सांगतं. 3 ऑगस्ट 2009 ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं पत्रक काढलं, की जंगलजमीन प्रकल्पाला द्यायची तर ग्रामसभेचा ठराव लागेल. त्याला नंतर पळवाटा काढल्या, तरी पत्रक आपल्या हातात आहे. म्हणून आपला सामूहिक दावा आधी पूर्ण करा. वहीवाटीचा पुरावा म्हणून म्हाताऱ्या माणसांचा जबाबही चालतो. तोही लिहून ठेवा. एकाच बैठकीत दोन्ही कामं होतील.

हे होतं का, असं कोणी विचारेल. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. ते गाव त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून अभ्यासगट करून बसत होतं, आपल्या जंगलाची माहिती आपणच गोळा करत होतं. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साईटची खाण येणार होती. 18 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ग्रामसभांना विचारा. 12 ग्रामसभा झाल्या. डोंगरिया कोंध बायाबापड्यांनी जिल्हा न्यायाधीशासमोर उभं राहून सांगितलं, हा डोंगर आमचा देव आहे, यातून आमचं पाणी येतं. बाराच्या बारा ग्रामसभा नाही म्हणाल्या. कंपनीच्या कागदांत जे नव्हतं, ते त्यांनी तोंडानं सांगितलं आणि ते ठरावात उतरलं.

आपल्याकडं दिवाळीपर्यंत फार दिवस नाहीत. बैठक संपायच्या आधी प्रत्येक पाड्यानं दोन बायांची आणि दोन पुरुषांची नावं द्यावीत. कोऱ्या वह्या युवा गटानं आणल्यात. पहिल्या पानावर डवऱ्याची जागा काढा. आटलेला असला तरी काढा.

जोहार! जिंदाबाद!