परिपाठातील भोवळ व रक्ताचा दाब



उन्हाळा सुरू झाला म्हणजे परिपाठाच्या रांगेतील एखादा विद्यार्थी एकाएकी पांढराफटक पडून कोसळतो. लगेच चारजण त्यास उचलून खुर्चीवर बसवितात. कोणी त्याच्या तोंडात पाणी ओततो. हेतू चांगला, परंतु या दोन्ही गोष्टी अपायकारक होत. असे का, हे कळण्यासाठी शरीरात रक्ताची वाटणी कशी होते ते समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रवरेचे कालवे या जिल्ह्यातील पुष्कळ मुलांच्या पाहण्यातील आहेत. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी ओझर बंधाऱ्यापासून डाव्या व उजव्या कालव्यांत, तेथून चाऱ्या-पोटचाऱ्यांत व अखेर वाफ्यांत जाते. शरीरात महारोहिणी हा कालवा, रोहिणी या चाऱ्या आणि केशवाहिन्या हे वाफे होत. दारे धरणारा शेतकरी वाफ्याचे तोंड लहानमोठे करतो, तद्वतच सूक्ष्म रोहिणींच्या भिंतींतील स्नायू आकुंचन-प्रसरण पावून रक्ताचा ओघ कमीअधिक करतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहास होणारा अडथळा सोळापट वाढतो. म्हणून अल्प आकुंचनानेही दाबात फरक पडतो.

मात्र कालव्याचे पाणी उताराने वाहते. उभ्या माणसाच्या मेंदूस रक्त चढवून द्यावे लागते. प्रौढ मनुष्य उभा राहताच सुमारे अर्धा लिटर वा अधिक रक्त पोट व पाय यांकडे उतरते आणि दाब किंचित घटतो. मानेतील रोहिणी व महारोहिणी यांच्या भिंतींतील मज्जातंतूंची टोके ही घट ओळखून मेंदूस वर्दी देतात. काही सेकंदांतच हृदयाची गती वाढते व सूक्ष्म रोहिणी आकुंचन पावतात. पोटरीचे स्नायू नीला दाबून रक्त वर ढकलतात आणि नीलांतील झडपा ते मागे येऊ देत नाहीत. मीठ व पाणी यांचा समतोल राखून दाब सांभाळण्याचे सावकाशीचे काम मूत्रपिंडे करतात.

हे वर्गात दाखविण्यास साहित्य लागत नाही. विद्यार्थ्याने स्वस्थ बसून पंधरा सेकंद मनगटाची नाडी मोजावी व उभे राहताच पुन्हा मोजावी. बहुधा दुसरा आकडा मोठा येतो.

उन्हात निश्चल उभे राहिल्यास पोटरीचे साह्य थांबते, त्वचेतील वाहिन्या रुंदावतात व घामाने पाणी कमी होते. अखेर ही व्यवस्था कोलमडून हृदयाची गती उलट मंदावते, दाब एकदम उतरतो आणि मेंदूस रक्त अपुरे पडून शुद्ध हरपते. आडवे होताच रक्त मेंदूकडे सहज पोहोचते. म्हणजे पडणे हाच शरीराचा उपाय होय. खुर्चीवर बसविणे म्हणजे त्यात अडथळा आणणे.

म्हणून मुलास सावलीत उताणे निजवून पाय फूटभर उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत, गर्दी हटवावी. उलटी होत असल्यास कुशीवर वळवावे. पुरती शुद्ध येईपर्यंत तोंडात काही घालू नये. पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. एक-दोन मिनिटांत शुद्ध न आल्यास, झटके आल्यास, डोक्यास मार लागल्यास अथवा धावताना भोवळ आल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

परिपाठ सावलीत व आटोपशीर घ्यावा. मुलांनी आधी पाणी प्यालेले असावे. मध्यंतरी त्यांस टाचा उचलावयास सांगावे. पुतळ्यासारखे उभे राहणे म्हणजे शिस्त नव्हे. पोटरी हलली तर रांग मोडत नाही, आणि मूलही पडत नाही.