लठ्ठ मुले आणि शाळेतला व्यायाम
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चारचौघींपुढे उभे राहून बोलायचा मला सराव नाही. पण चिटणीसबाईंनी आग्रहच धरला, म्हणून घरचाच एक अनुभव तुमच्यापुढे ठेवते.

माझा धाकटा अंगाने स्थूल. तो पाचवीत असताना मी सहज विचारले, "आज खेळाच्या तासाला काय केलेस?" म्हणाला, "दप्तरे सांभाळली." धावण्यात तो नेहमी शेवटी येई, मुले हसत, म्हणून त्यानेच ते काम मागून घेतले होते. त्या रात्री मला घास गिळेना. आणि मी मात्र कौतुकाने सांगत असे, की आमचे बाळ खात्यापित्या घरचे दिसते!

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. व्यायामाच्या सरांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "ताई, जड मुलाला आधी पळायला लावले की धाप लागते, गुडघे दुखतात, शरम वाटते ती वेगळीच. पण एवढे वजन रोज वागवून त्याच्या पायांत ताकद आलेली असते. आपण तिथूनच सुरुवात करू."

सरांनी साऱ्या वर्गालाच नवा क्रम लावून दिला. जाड मुलांना वेगळे काढले नाही. भिंतीला हात टेकून जोर, हात न टेकता बाकावरून उठणे-बसणे, वाळूची पिशवी छातीशी धरून चालणे, हे ताकदीचे. खडूच्या रेघेवरून पावलापुढे पाऊल टाकणे, एका पायावर उभे राहून दहा अंक मोजणे, हे तोलाचे. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. श्वास कोंडायचा नाही, दुखले तर थांबायचे. लंगडी आणि उड्या मागाहून, गुडघ्यांना बळ आल्यावर.

वाळूची पिशवी उचलण्यात माझा मुलगा पहिला आला. पाठीवरचे दप्तर न काढताच त्याने मला ते सांगितले.

भगिनींनो, खरे सांगते, काट्यावर वजन फारसे उतरले नाही. नुसत्या व्यायामाने ते सहसा उतरतही नाही. वेफरच्या पुड्या आणि गोड पेयांच्या बाटल्या घरात आणणे मलाच बंद करावे लागले. पण वाढत्या वयात उंची वाढते. वजन आहे तिथे थांबले तरी पुष्कळ झाले. आज तो उभ्याने मोजे घालतो, जिना चढताना कठडा धरत नाही, आणि खेळाच्या तासाला मैदानात असतो.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली हेच सांगितले आहे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे अंग चांगले हलवावे, आणि आठवड्यातून निदान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम करावा. आपल्याकडचे जोर, बैठका, मल्लखांब याहून वेगळे काय आहेत?

तेव्हा एकच विनंती. पालकसभेला जाल तेव्हा गुणांबरोबर एवढेही विचारा, "खेळाच्या तासाला माझे मूल काय करते?"