नागपूरहून नॅशव्हिलला



अमेरिकेतील तरुणांची चळवळ म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे लांब केस आणि गिटार येते. मला मात्र टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात भरणारा एक वर्ग आठवतो. तो घेणारे जेम्स लॉसन १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी येथे केला.

त्यांच्या वर्गात परीक्षा नव्हती, तालीम होती. काही विद्यार्थी गोरे गुंड बनत. ते इतरांना शिव्या देत, ढकलत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत. समोरच्याने हात उगारायचा नाही! (आम्हा शिक्षकांना वर्गातला साधा गोंगाट सोसत नाही, ते असो.)

१३ फेब्रुवारी १९६० रोजी ही मुले दुकानांतील उपाहाराच्या काउंटरवर जाऊन बसली. कृष्णवर्णीयांना तेथे बसण्यास मज्जाव होता. २७ तारखेला त्यांच्यावर हल्ला झाला. अटक मात्र मार खाणाऱ्यांनाच! एका तुकडीला पोलिसांनी नेले की रिकाम्या जागेवर दुसरी येऊन बसे. लॉसन यांना व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकले. १९ एप्रिलला मुलांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारो लोक मूकपणे महापौरांकडे चालत गेले. डायान नॅश ही एकवीस वर्षांची विद्यार्थिनी. तिने महापौर बेन वेस्ट यांना सर्वांसमक्ष विचारले, हा भेद तुम्हाला योग्य वाटतो काय? महापौरांना 'नाही' म्हणावे लागले.

१० मे रोजी सहा दुकानांच्या काउंटरवर कृष्णवर्णीय गिऱ्हाइके बसून जेवली.